छोटं पिस्तूल आणि वर रेड डॉट: अंगावर बाळगण्याआधी काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

अमेरिकेतल्या बंदुकीच्या दुकानात काउंटरपलीकडचा माणूस रेड डॉट, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवणारी नेम धरायची साइट, बसवलेलं छोटं पिस्तूल हातात देतो. तुम्ही ते भिंतीकडे धरता, काचेत लाल ठिपका झळकतो आणि वाटतं, झालं, आता नेम चुकायचाच नाही. तेच पिस्तूल रेंजवर, म्हणजे गोळीबाराच्या सरावाच्या जागी, झटकन उचललं की काच रिकामी! ठिपका गेला कुठे हे शोधण्यात दोन सेकंद जातात. पिस्तूल वाईट, साइट वाईट, स्क्रू ढिला की हात कच्चा, हे नवख्याला कळत नाही. मग राग निघतो तो साइटवर, आणि आणखी महाग साइट घरी येते.

म्हणून तपासणीला क्रम हवा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची: आधी नुसतं पिस्तूल, मग साइट, मग तिची बसवणूक, मग हात, शेवटी होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान. बिघाड झाला की तो कोणाच्या माथी मारायचा हे लगेच कळतं. पुढचं सगळं अमेरिकेत राहणाऱ्या आणि कायद्याने पात्र असलेल्या मराठी माणसांसाठी आहे. भारतात यातलं फारसं काही लागू होत नाही. तिथे ९ एमएम हा बोअरच निषिद्ध प्रकारात मोडतो.

आधी आपला व्हिसा बघा

एच-१बी, एच-४, एल-१ किंवा एफ-१ वर असाल तर इथेच थांबा. या व्हिसांवरच्या माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला संघीय कायद्याने सर्वसाधारणपणे मनाई आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण ते मित्राच्या सांगण्यावर नाही, वकिलाला विचारून. ‘विकत कुठे घेतोय, रेंजवर भाड्याने चालवून बघतोय’ हाही बचाव नाही. भाड्याचं पिस्तूल हातात घेणं म्हणजेसुद्धा बाळगणं. ग्रीन कार्डधारक आणि नागरिक विकत घेऊ शकतात. दुकानातून हँडगन घ्यायला वय २१ पूर्ण लागतं, ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो आणि पार्श्वभूमीची तपासणी होते. त्या फॉर्मवर गांजाबद्दल प्रश्न आहे. तुमच्या राज्यात गांजा दुकानात मिळत असला तरी हा फॉर्म संघीय आहे, आणि त्यात खोटं लिहिणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

लपवून बाळगण्याचे नियम राज्यागणिक बदलतात. टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरील पात्र माणसाला वेगळा परवाना लागत नाही. इलिनॉयमध्ये परवान्यासाठी १६ तासांचं प्रशिक्षण आहे. न्यू जर्सीत परवाना लागतो, मॅगझिनला १० गोळ्यांची मर्यादा आहे आणि हॉलो पॉइंट, म्हणजे गोळीच्या टोकाला पोकळी असलेल्या, काडतुसांवर वेगळी बंधनं आहेत. तेव्हा १५ गोळ्यांचं मॅगझिन आवडलं म्हणून पिस्तूल ठरवू नका. आधी राज्याची मर्यादा बघा, मग कॅटलॉग.

पिस्तूल हाताळायचे चार नियम इथेच सांगून ठेवतो, कारण पुढची प्रत्येक पायरी त्यांवर उभी आहे. प्रत्येक पिस्तूल भरलेलं आहे असंच समजा. ज्यावर गोळी झाडायची नाही तिकडे नळीचं तोंड वळवू नका. नेम धरून झाडायचं ठरेपर्यंत बोट चापावर नको, ते स्लाइडच्या, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाच्या, कडेला सरळ. लक्ष्य काय आहे आणि त्याच्यामागे काय आहे, हे माहीत हवं.

दुकानात: ठिपका सोडून बाकी सगळं बघा

विक्रेत्याने रिकामं करून दिलं तरी स्वतः पुन्हा तपासा. आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड मागे ओढून अडकवायची, मग नळीच्या मागच्या तोंडात डोळ्याने बघायचं आणि करंगळी घालून चाचपायचं. क्रम उलटा केला, म्हणजे मॅगझिन आत ठेवून स्लाइड ओढली, तर तुम्ही एक काडतूस बाहेर काढून दुसरं आत भरता. ‘रिकामं होतं हो’ म्हणत होणाऱ्या अपघातांमागे बऱ्याचदा हाच उलटा क्रम असतो.

आता आकार. नवख्यांची नजर नळीच्या लांबीवर जाते, पण नळी विजारीत जाते, तिला कोण बघतंय? कपड्याबाहेर फुगवटा येतो तो मुठीचा. ग्लॉक १९ आणि ग्लॉक ४३एक्स शेजारी ठेवून बघा. १९ ची नळी ४.०२ इंच, ४३एक्सची ३.४१. लोक ४३एक्सला ‘छोटं’ म्हणतात, पण मॅगझिनसकट उंची दोघांचीही १२८ मिलिमीटर. म्हणजे मूठ तेवढीच लांब. फरक जाडीत आहे: १९ साधारण ३४ मिलिमीटर, ४३एक्स २८. रिकाम्या मॅगझिनसह वजन १९ चं सुमारे ६७० ग्रॅम, ४३एक्सचं ५३०. गोळ्या अनुक्रमे १५ आणि १०. सिग पी३६५ ची नळी ३.१ इंच आणि मूठ खरोखरच आखूड, त्यामुळे तिथे बऱ्याच जणांची करंगळी हवेत राहते.

हातात धरून चार गोष्टी बघा. तर्जनीचं पहिलं पेर चापावर सहज पोचतंय का, की त्यासाठी पकड फिरवावी लागते? अंगठ्याने मॅगझिनचं बटण दाबता येतं का? स्लाइड ओढता येते का? चिमटीत धरून ओढू नका. चारही बोटं आणि तळवा वरून घालून, मुठीवरचा हात पुढे ढकलत ओढा. आणि दोन्ही हातांची पक्की पकड घेतल्यावर अंगठा स्लाइड अडकवायच्या खिट्टीवर तर पडत नाही ना? छोट्या पिस्तुलांत ही खिट्टी अंगठ्याच्या अगदी खाली येते. अंगठा तिच्यावर दाबलेला राहिला की शेवटच्या गोळीनंतर स्लाइड मागे अडकत नाही, आणि लोक मॅगझिनला नावं ठेवतात.

एक सल्ला बहुतेकांना पटत नाही. दोन पिस्तुलांत मन अडकलं असेल तर त्यातलं मोठं घ्या. हलकं, बारीक पिस्तूल हातात जास्त उसळतं, त्यामुळे सराव कमी होतो. मोठं लपवणं हा होल्स्टरचा प्रश्न आहे आणि तो सुटतो.

पहिल्या १०० गोळ्या, रेड डॉटशिवाय

अनेक रेंजवर भाड्याने पिस्तूल मिळतं. मिळालं तर तेच मॉडेल साध्या साइटवर चालवा. साधी ११५ किंवा १२४ ग्रेनची (हे गोळीचं वजन) ९ एमएम काडतुसं, ७ यार्डांवर कागदी जेवणाची थाळी, प्रत्येक वेळी पाच गोळ्या. पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकाकडचा उंचवटा, मागच्या खाचेत, दोन्ही बाजूंना सारखा उजेड, नजर माशीवर.

गोळ्या थाळीवर कुठे गोळा होतात ते बघा. उजव्या हाताच्या माणसाच्या गोळ्या खाली-डावीकडे जात असतील तर बहुतेक वेळा साइट सरळ असते, चाप झटक्याने ओढला जातो. खात्री हवी असेल तर मित्राला मॅगझिनमध्ये मध्येच एक-दोन प्लास्टिकची खोटी काडतुसं भरायला सांगा, कुठे ते न सांगता. खोट्या काडतुसावर चाप दाबला की नुसता ‘टक’ आवाज येतो आणि नळीचं तोंड खाली दचकताना स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. हा दोष साइट बदलून जात नाही. रेड डॉट तो फक्त ठळक करून दाखवते.

या गोळ्यांत पिस्तूल अडकलं तर लिहून ठेवा: कितवी गोळी, कोणतं मॅगझिन, कोणतं काडतूस. साइट बसवल्यावर या टिपणाचा उपयोग होणार आहे.

साइट निवडताना

छोट्या पिस्तुलावरची साइट २०० ते ५०० डॉलरच्या घरात पडते. किमतीआधी तिचा प्रकार बघा.

उघड्या प्रकारात मागच्या बाजूला एक दिवा असतो, तो पुढच्या काचेवर प्रकाश टाकतो आणि काचेतून तो ठिपक्यासारखा परततो. दिवा आणि काच यांच्यामध्ये मोकळी हवा. त्या हवेत पावसाचा थेंब, बनियनचा धागा किंवा पोटाचा घाम आला की ठिपका फाटतो किंवा गायब होतो. बंद प्रकारात दोन्ही बाजूंना काच असते आणि दिवा आत सुरक्षित राहतो. एइमपॉइंट अॅक्रो किंवा होलोसनची ईपीएस कॅरी ही त्याची उदाहरणं. पोटाशी, कपड्याखाली, घामात बाळगायचं असेल तर बंद प्रकाराला झुकतं माप द्या. मात्र बंद असो की उघडी, ह्यूस्टनच्या जुलैत एसीतून बाहेर पडलात की काचेवर धुकं चढतंच. त्याचा उपाय पुढे येतो.

ठिपक्याचा आकार एमओएमध्ये मोजतात. १ एमओए म्हणजे १०० यार्डांवर साधारण एक इंच, २५ यार्डांवर पाव इंच, १० यार्डांवर इंचाचा दहावा भाग. २ एमओएचा ठिपका २५ यार्डांवर अर्धा इंच झाकतो, ६ एमओएचा दीड इंच. बारीक ठिपका कागदावर छान दिसतो, मोठा घाईत लवकर सापडतो. आपल्या कामाला ३ ते ६ ठीक.

बॅटरी कुठून बदलते ते विचारा. ट्रिजिकॉनच्या आरएमआर टाइप २ मध्ये सीआर२०३२ बॅटरी साइटच्या पोटाखाली बसते, म्हणजे ती बदलायला साइट उतरवावी लागते आणि मग नेम पुन्हा तपासावा लागतो. होलोसन ५०७सी किंवा ईपीएस कॅरीत कडेला छोटा खण आहे. स्वतःहून उजेड कमी-जास्त करणाऱ्या साइटवर भिस्त ठेवू नका. तुम्ही अंधाऱ्या खोलीत आणि समोर उजेडाचं अंगण असेल, तर साइट आपल्या बाजूचा अंधार मोजते, ठिपका मंद करते आणि तो समोरच्या उजेडात विरून जातो. उजेड हाताने ठरवता आला पाहिजे.

आता डोळे. बऱ्याच जणांना ठिपका गोल न दिसता स्वल्पविरामासारखा किंवा फुटलेल्या चांदणीसारखा दिसतो, आणि ते साइट परत करतात. आधी मोबाइलच्या कॅमेऱ्यातून त्याच ठिपक्याचा फोटो काढा. फोटोत तो गोल असेल तर दोष साइटचा नाही, डोळ्यांचा आहे. अशा डोळ्यांना इंग्रजीत अॅस्टिग्मॅटिझम असल्याचं सांगतात. उजेड दोन टप्पे कमी करा, चष्मा लावून बघा, हिरवा ठिपका बघा. काहींना हिरवा जास्त रेखीव दिसतो.

बसवणूक: घोळ होतात ते इथेच

प्रत्येक साइटच्या तळाला स्क्रूची भोकं आणि खाचा ठराविक मांडणीत असतात. स्लाइडवरचा कापही ठराविक मांडणीचा असतो. दोन्ही जुळले तरच साइट बसते. मोठ्या पिस्तुलांवर आरएमआरची मांडणी चालते, बारीक पिस्तुलांवर शील्ड कंपनीच्या आरएमएससी साइटची. ‘जवळपास तीच’ मांडणी हा सापळा आहे. ग्लॉक ४३एक्स एमओएसच्या, म्हणजे साइटसाठी काप दिलेल्या, स्लाइडवर वर आलेले छोटे खुंट आहेत, आणि होलोसनच्या के मांडणीच्या साइटला मागचे दोन खुंट आड येतात. मग साइट आणि स्लाइड यांच्यामध्ये बसणारी पट्टी घ्यावी लागते किंवा बंदूक कारागिराकडून खुंट घासून घ्यावे लागतात. पी३६५एक्सएलमध्ये मागची खाच असलेली साइट कापावरच्या झाकणपट्टीवरच असते. पट्टी काढून रेड डॉट बसवली की ती खाचही गेली. म्हणून बॅटरी संपल्यावर नेम कशाने धरणार, हे विकत घेण्याआधीच विचारा. काही रेड डॉटच्या मागच्या कडेला त्यासाठी खाच कोरलेली असते.

शक्य असेल तर मधली पट्टी टाळा. पट्टी आली की स्क्रूचे दोन संच झाले, आणि ढिलं पडायला दोन जागा.

घरी बसवायची असेल तर असं:

१. पिस्तूल रिकामं, काडतुसं दुसऱ्या खोलीत. स्लाइड उतरवून कापडावर ठेवा.

२. स्लाइडची भोकं, स्क्रू आणि साइटचा तळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. भोकात तेलाचा अंश राहिला तर पुढचा डिंक धरत नाही. कारखान्यातून आलेली स्लाइड तेलात न्हालेलीच असते.

३. साइट कोरडी ठेवून बघा. ती डुलत नाही ना, चारही कडांनी टेकते ना?

४. स्क्रू डिंकाशिवाय हाताने घट्ट करून, उतरवलेल्या स्लाइडवरच झाडलेल्या काडतुसाचं रिकामं खोकं बाहेर ओढणारी नखी, म्हणजे एक्स्ट्रॅक्टर, बोटाच्या नखाने हलवून बघा. ती हलली पाहिजे आणि परत आली पाहिजे. बऱ्याच स्लाइडींत उजव्या स्क्रूच्या भोकाखालीच त्या नखीच्या स्प्रिंगची नळी जाते. स्क्रू एखाद-दुसऱ्या आट्याने लांब असला तरी तो स्प्रिंगच्या दांडीला चिमटतो. मग रिकामी खोकी बाहेर पडत नाहीत, आणि सगळे काडतुसाला दोष देत बसतात. लांब स्क्रू जोर लावून आवळू नका, योग्य लांबीचा मागवा.

५. स्क्रूच्या आट्यांवर निळ्या प्रकारचा थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू ढिला होऊ न देणारा डिंक, एक बारीक थेंब. लाल नको. लाल थ्रेडलॉकर लावलेला स्क्रू काढताना डोकं झिजतं आणि प्रकरण कारागिराकडे जातं. भोकातही ओतू नका, तो खालच्या नळीत उतरतो.

६. टॉर्क पाना, म्हणजे ठरवलेल्या जोरापर्यंतच आवळणारा पाना, घ्या. आरएमआरला १२ इंच-पाउंड, म्हणजे सुमारे १.४ न्यूटन मीटर. इतर साइटींचे आकडे साधारण १० ते १५ मध्ये असतात, तुमच्या साइटच्या पुस्तिकेतला धरा. दोन्ही स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळा. ‘हाताला घट्ट लागला’ हे माप नाही. हे स्क्रू इतके बारीक असतात की जोरदार मनगटाने सहज तुटतात.

७. स्क्रूच्या डोक्यापासून साइटच्या अंगावर रंगाच्या पेनाने सरळ रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला. २४ तास डिंक वाळू द्या.

पान्यावर २०-३० डॉलर खर्च करायला लोक कां-कूं करतात आणि ढिल्या साइटवर नेम जुळवत गोळ्यांचे दोन डबे संपवतात.

नेम जुळवणे

आधी १० यार्ड, मनगटं वाळूच्या पिशवीवर टेकवून. पाच गोळ्या सावकाश झाडा, मग पुंजक्याचा मध्य बघा. एकेका गोळीनंतर स्क्रू फिरवत बसलात तर तुम्ही साइट नाही, स्वतःची चूक जुळवताय. एक क्लिक म्हणजे १ एमओए असेल तर १० यार्डांवर एक इंच सरकवायला साधारण १० क्लिक, २५ यार्डांवर चार. क्लिकचं माप पुस्तिकेत बघून घ्या, सगळ्या साइटींचं सारखं नसतं. बाण दाखवतो त्या दिशेला गोळी सरकते, ठिपका नव्हे.

नंतर २५ यार्डांवर पक्कं करा. ठिपका नळीपेक्षा साधारण इंचभर वर बसतो, त्यामुळे नेम १० यार्डांवर जुळवला तर २५ वर गोळी इंचभर वर लागते. २५ वर जुळवला तर अलीकडच्या सगळ्या अंतरांवर ती एका इंचाच्या आतच, किंचित खाली लागते. ३ यार्डांवर पाऊण इंच खाली लागली तर साइट बिघडलेली नाही, ती उंचीची भूमिती आहे. आणि जी काडतुसं बाळगणार आहात, त्यांचे निदान दहा बार याच अंतरावर कागदावर घ्या. वजन आणि वेग बदलला की पुंजका सरकतो.

हरवलेला ठिपका

हा सगळा सराव घरी, गोळीविना. काडतुसं खोलीबाहेर, मॅगझिन काढलेलं, पिस्तूल दोनदा तपासलेलं, समोर गोळी अडेल अशी भिंत किंवा पुस्तकांनी भरलेलं कपाट. दहा मिनिटांनी थांबा, आणि थांबल्यावर ‘आणखी एकदाच’ करू नका. सरावानंतर भरलेल्या पिस्तुलावर केलेल्या त्या एका जादा वेळेने भिंतींना भोकं पाडली आहेत.

भिंतीवर विजेचं बटण निवडा. नजर बटणावर रोखा, ठिपक्यावर नव्हे. डोळ्यांचं लक्ष बटणावरच ठेवून पिस्तूल छातीसमोरून सरळ पुढे न्या आणि ठिपका स्वतःहून बटणावर येऊ द्या. काच रिकामी दिसली तर नवख्यांत बहुतेक वेळा नळीचं तोंड वर असतं आणि ठिपका काचेच्या वरच्या कडेपलीकडे गेलेला असतो. पिस्तूल गोल फिरवून शोधू नका. पुढची माशी काचेच्या तळाशी आणा, ठिपका तिथेच उतरतो. मग परत छातीशी या आणि पुन्हा. आधार देणाऱ्या हाताचं मनगट पुढे आणि किंचित खाली झुकवून कुलूपबंद केलं की ही चूक बरीच कमी होते.

आता काचेच्या पुढच्या बाजूला कागदी टेपचा तुकडा लावा. समोरचं काही दिसत नाही, पण ठिपका दिसतो. दोन्ही डोळे उघडे ठेवले तर एक डोळा बटण बघतो, दुसरा ठिपका, आणि मेंदू दोन्ही एकमेकांवर ठेवतो. ज्यांची नजर ठिपक्याला चिकटते त्यांना हे जमतच नाही, म्हणून ही परीक्षा चांगली. काचेवर धुकं चढलं, चिखल उडाला तरी काम चालतं, तेही याच सरावामुळे.

ठिपका थरथरताना दिसेल. हात आधीही थरथरतच होता, माशीने तो दाखवला नाही इतकंच. ठिपका अगदी मध्यावर स्थिर होण्याची वाट बघून नेमक्या क्षणी चाप झटकलात, तर गोळी खाली जाते. थरथर थाळीच्या आत आहे ना, मग चाप सावकाश ओढत राहा.

दहापैकी दहा वेळा ठिपका न शोधता समोर आला, की रेंजवर जा.

भरवशाची परीक्षा

आपली मोजपट्टी अशी: साधी २०० काडतुसं आणि बाळगायच्या जातीची किमान ५०, मध्ये सफाई न करता, एकही अडकाठी न येता. प्रत्येक मॅगझिनवर पेनने आकडा घाला. त्यातल्या २० गोळ्या एका हाताने, १० डाव्या हाताने. काही मुद्दाम थोड्या सैल पकडीने, कारण खऱ्या घाईत पकड सैलच असते.

आता सुरुवातीचं टिपण काढा. साइट बसवण्याआधी अडकत नव्हतं आणि आता खोकी बाहेर पडत नसतील तर आधी स्क्रूची लांबी तपासा. खोकं उभं राहून स्लाइडमध्ये चिमटलं तर बहुतेक वेळा पकड सैल किंवा काडतूस कमजोर. साइटमुळे स्लाइडवर सुमारे ३० ग्रॅम वजन वाढलेलं असतं, त्यामुळे आधी जेमतेम चालणारं हलकं काडतूस आता साथ सोडतं. १२४ ग्रेनचं पूर्ण ताकदीचं काडतूस लावून बघा. स्लाइड पूर्ण मिटायच्या आधी कणभर थांबत असेल तर रुळांवर तेल आहे का बघा. अडकाठी एकाच आकड्याच्या मॅगझिनमध्ये येत असेल तर पिस्तुलाला हात लावू नका, ते मॅगझिन सरावाच्या पेटीत टाका. आणि शेवटी रंगाच्या रेघा बघा, नेम पुन्हा २५ यार्डांवर बघा. पुंजका सरकला आणि रेघ जागेवर असेल तर साइटमध्ये दोष, रेघ तुटली असेल तर बसवणुकीत.

होल्स्टर

सगळ्यात स्वस्त वस्तू म्हणून शेवटी घाईत घेतली जाते, आणि अपघात टाळणं मात्र तिच्याच हातात असतं. कायडेक्स नावाच्या कडक प्लास्टिकचं, तुमच्याच मॉडेलसाठी साच्यात घातलेलं, वर साइटसाठी कापलेलं आणि चाप पूर्ण झाकणारं होल्स्टर घ्या. रिकामं पिस्तूल आत घालून बाहेरून चापाच्या जागी बोटाने दाबा, बोट चापाला लागता कामा नये. उलटं करून हलवा, पिस्तूल पडता कामा नये. कापडी, सगळ्या पिस्तुलांना चालणारी मऊ पिशवी फुकट मिळाली तरी नको.

विजारीच्या आत पुढे, किंवा उजव्या कुल्ह्यामागे घड्याळाच्या चारच्या जागी, या दोन प्रचलित जागा. पुढे ठेवणार असाल तर होल्स्टरला पट्ट्यावर दाबणारा छोटा पंजा आणि आतल्या बाजूला फोमची पाचर लागते. पंजा मूठ पोटाकडे वळवतो, पाचर नळीचं तोंड शरीरापासून बाहेर झुकवते. कडक पट्टा घ्या. सैल पट्ट्यावर कुठलंच होल्स्टर नीट बसत नाही.

दोन आठवडे घरात रिकाम्या पिस्तुलानिशी वावरा. बुटाची नाडी बांधा, गाडीत बसून सीटबेल्ट लावा, खालच्या फळीवरून डाळीचा डबा उचला, मग आरशात बघा. पोटाला साइटचा कोपरा टोचतो, घाम कुठे साठतो, हे आत्ताच कळू दे. कुर्त्याखाली छान लपतं, पण कुर्त्याचा घेर होल्स्टरमध्ये चापाशी अडकण्याची भीती मोठी. पिस्तूल परत ठेवताना घाई कधीच नसते. डाव्या हाताने कापड छातीपर्यंत वर, बोट स्लाइडच्या कडेला, खाली बघत, सावकाश. जॅकेटची ओढायची दोरी काढून टाका.

घरात मुलं असतील तर अंगावर नसलेलं पिस्तूल कुलपाच्या पेटीत. कपाटाची वरची फळी ही लपवायची जागा नाही, मुलांना ती तुमच्याआधी माहीत असते.

आणि कुठे न्यायचं नाही तेही ठरवा. अमेरिकेतल्या मराठी मंडळांचा गणपती अनेकदा शाळेच्या सभागृहात असतो. शाळेच्या आवारात पिस्तूल नेणं हा बहुतेक ठिकाणी गंभीर गुन्हा आहे, ‘आम्ही हॉल भाड्याने घेतलाय’ म्हटल्याने तो माफ होत नाही. पोस्ट ऑफिस आणि संघीय इमारतींतही बंदी. टेक्ससमध्ये दारावर ३०.०५, ३०.०६ किंवा ३०.०७ असे आकडे असलेली पाटी दिसली की वाचून मगच आत जा.

देखभाल

आठवड्यातून एकदा काच मऊ कापडाने पुसा, दिव्याच्या खोबणीत फुंकर मारा, रेघा बघा. धुकं धरत असेल तर चष्म्याच्या काचेसाठी मिळणारा धुकंरोधक कपडा काचेला लावा. रोज सकाळी अंगावर घालण्याआधी ठिपका लागतोय ना आणि दिवसाच्या उजेडात दिसतोय ना, एवढं बघायला तीन सेकंद लागतात. बॅटरी किती वर्षं टिकते हे डब्यावर छापलेलं असतं, त्याकडे बघू नका. वर्षातून एकदा बदला. तारीख विसरायची नसेल तर खंडेनवमी धरा. त्या दिवशी शस्त्र बाहेर निघतं, पुसलं जातं, तेव्हा नवी सीआर१६३२ की काय ती तुमच्या साइटची असेल ती घाला आणि पुढच्या रेंजवारीत नेम तपासा.

रेंजला नेलेली बॅग, जॅकेट किंवा मुलाचं दप्तर भारतवारीला कधीही वापरू नका. खिशाच्या शिवणीत अडकलेलं एकच काडतूस विमानतळाच्या क्ष-किरण यंत्रात दिसतं, आणि मुंबईला उतरल्यावर किंवा परतीच्या विमानात चढताना तुम्ही शस्त्र कायद्याखाली पोलीस ठाण्यात बसलेले असता. रेंजची बॅग वेगळ्या रंगाची घ्या आणि ती गॅरेजमध्येच राहू द्या.